पाचशे तासांची सही

गेल्या महिन्यात आमचे एक परिचित गृहस्थ आमच्याकडे आले होते. त्यांचे बिऱ्हाड ट्रॉम्बेच्या वाटेवर, देवनारास. घरात वडील, दोघे भाऊ, त्यांच्या बायका आणि पाच मुले असा भरला संसार. धाकट्या भावाचा मुलगा औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेची दोन्ही वर्षे चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाला असून, नोंदणीकृत फार्मासिस्ट होण्यापूर्वी नियमाप्रमाणे करावयाचे पाचशे तासांचे प्रत्यक्ष शिक्षण तेवढे उरले आहे. नात्यातील एका दुकानदाराने आपण होऊन सांगितले, "पोराला माझ्याकडे उभा करून काय करता? सही-शिक्का घेऊन जा. त्या तीन महिन्यांत तो पुढच्या परीक्षेचा अभ्यास तरी करील." यावरून घरात दोन तट पडले. मुलाच्या आईस व काकास ही सूचना सोयीची वाटली. आजोबांस ती मुळीच रुचली नाही. "तुम्ही लिहिणारी मंडळी. तुमचे काय म्हणणे?" असे त्यांनी आम्हांस विचारिले.

त्या वेळी आम्ही दोन वाक्यांत काही उत्तर दिले. परंतु ते आमचे आम्हांसच पुरेसे वाटले नाही. शिवाय हा प्रश्न त्या एकाच घरचा नव्हे. आपल्या परिचयाच्या कितीतरी घरांतील मुलगे व मुली हल्ली औषधनिर्माणाकडे वळतात, आणि त्या शिक्षणातील पुस्तकी भाग जितक्या काळजीने पार पाडला जातो तितकीच प्रत्यक्ष शिक्षणाच्या भागाविषयी बेफिकिरी असते. म्हणून या महिन्याचे हे पान आम्ही त्याच विषयास देत आहो.

प्रथम आमच्या घरची एक हकीकत सांगितली पाहिजे. आमच्या थोरल्या काकूंस काही वर्षांपासून आमवात आहे. सांध्यांच्या सुजेवर तज्ज्ञांनी त्यांस मेथोट्रेक्सेट नावाची गोळी दिली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते; काकूंचा वार रविवार ठरला होता. एकदा घरातील नेहमीचा माणूस परगावी असल्याने दुसऱ्याच एका दुकानातून औषध आणविले गेले. तेथील इसमाने पुडीवर इतर गोळ्यांप्रमाणे याही गोळीपुढे 'रोज १' असे लिहून दिले. काकूंनी पुडीवरील अक्षर प्रमाण मानले. दहा-बारा दिवसांत तोंड इतके आले की पाण्याचा घोटही घेववेना, पाठोपाठ ताप आला, आणि त्यांस रुग्णालयात ठेवावे लागले. प्रवेशाच्या कागदावर 'आमवात, औषधे चालू' एवढीच नोंद झाली. तापाचे कारण सर्वजण अन्यत्र शोधीत होते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या फेरीबरोबर हिंडणारी एक विद्यार्थिनी फेरी आटोपल्यावर वही घेऊन परत आली. ती औषधनिर्माणाच्या उच्च पदवीच्या अखेरच्या वर्षास होती. तिने घरून आणलेली सर्व औषधे पलंगावर ओतावयास सांगितली आणि एकेक पट्टी हाती घेऊन विचारपूस आरंभिली. त्या गोळीपाशी आल्यावर तिने, "आजी, ही गोळी कोणत्या वारी घेता?" असे विचारिले. काकू म्हणाल्या, "वार कसला ग? रोज रात्री घेते." ती मुलगी क्षणभर काही बोलली नाही; पट्टी मुठीत घेऊन तशीच डॉक्टरांकडे गेली. तासाभरात रक्ताची तपासणी झाली. श्वेतपेशी फार उतरल्या होत्या. गोळी बंद झाली, तिच्यावरील उतारा सुरू झाला, आणि तीन आठवड्यांनी काकू घरी आल्या. या एकाच चुकीने निरनिराळ्या देशांत रोगी दगावले आहेत, हे आम्हांस पुढे कळले.

नंतर आम्ही त्या मुलीस मुद्दाम विचारिले, "हे तुला कसे सुचले?" ती म्हणाली, "ही गोळी आठवड्याची आहे हे दुसऱ्या वर्षापासून पाठ होते. पण 'रोज घेता का' असे विचारले तर म्हातारी माणसे आपण चुकलो की काय या भीतीने 'नाही' म्हणतात. वार विचारावा, हे आमच्या बाईंनी याच वॉर्डात मागच्या महिन्यात शिकवले." आमच्या मते सर्व प्रश्नाचे सार या उत्तरात आले आहे. औषधाचे ज्ञान तिला पुस्तकाने दिले होते; ते ज्ञान रोग्याच्या उपयोगी पाडण्याची रीत तिला खाटेपाशीच मिळाली.

आता नियमांचे म्हणणे काय ते पाहू. औषधांच्या धंद्यास आपल्या देशात शिस्त नव्हती, म्हणून १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी-समिती नेमली व तिचा अहवाल १९३१ साली आला. लगोलग १९३२ साली प्राध्यापक महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदु विश्वविद्यालयात या शास्त्राचे शिक्षण सुरू केले. कायदा होण्यास मात्र १९४८ साल उजाडले. त्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमाचा आशय असा की, डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदलेल्या फार्मासिस्टवाचून अन्य कोणी तयार करून वा मोजून देऊ नये. डॉक्टर आपल्या स्वतःच्या रोग्यास देतो ते तेवढे वेगळे. म्हणजे दुकानाच्या फळीमागे जो उभा राहतो त्याच्याकडे कायद्याने साधा विक्रेता म्हणून पाहिलेले नाही. डॉक्टर आणि रोगी यांच्यामधील अखेरचा तपासनीस म्हणून पाहिले आहे.

अशा तपासनिसास तयार करण्याकरिताच ते पाचशे तास आहेत. १९९१ च्या शिक्षण-नियमांत असे सांगितले आहे की, हे शिक्षण तीन महिन्यांहून कमी मुदतीत उरकू नये, आणि त्यांपैकी निदान अडीचशे तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवरील औषधे देण्यात जावेत. काय शिकावयाचे तेही तेथे दिले आहे: चिठ्ठी वाचणे व उतरून घेणे, मात्रा तपासणे, औषधे साठविणे, कायद्याने लागणाऱ्या नोंदी ठेवणे. दिवसास सात तास धरले तर पाचशे तासांचे सुमारे बहात्तर दिवस होतात. एवढ्या काळात एखाद्या चालत्या दुकानी हजारो चिठ्ठ्या नजरेखालून जातात. सही-शिक्का घेऊन घरी बसणारा मुलगा त्या हजारो चिठ्ठ्यांस मुकतो, आणि पुढे एकदम खऱ्या रोग्याची चिठ्ठी त्याच्या हाती पडते. शिकाऊ म्हणून होणाऱ्या त्याच्या पहिल्या चुका वडीलधाऱ्या फार्मासिस्टच्या नजरेखाली व्हावयाच्या, त्या आता एकट्याने आणि दुसऱ्याच्या जिवावर होतात.

२००८ साली याच्याही पुढचे पाऊल पडले. त्या वर्षी फार्म. डी. या सहा वर्षांच्या पदवीचे नियम झाले. तिचे अखेरचे वर्ष सर्वस्वी रुग्णालयातील असून, सहा महिने सर्वसाधारण रोगचिकित्सेच्या विभागात आणि दोन-दोन महिने अन्य तीन विभागांत घालवावे लागतात. आमच्या काकूंची पट्टी पाहणारी मुलगी याच वर्षास होती. ही कल्पना अगदी नवी आहे असेही नाही. १९६६ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावर, शस्त्रक्रियेच्या रोग्यांजवळच, फार्मासिस्टांस बसवून पाहण्यात आले. तळघरातील औषधालयातून माणूस रोग्याशेजारी आला, तो पुन्हा तळघरात परतला नाही. आपल्याकडे म्हैसूर व उटी येथील जे. एस. एस. महाविद्यालयांनी १९९० नंतरच्या दशकात पदव्युत्तर विद्यार्थ्यांस अशाच रीतीने रुग्णालयात शिकविण्यास आरंभ केला.

परंतु देवनारच्या त्या आजोबांस सही-शिक्क्याचा इतका तिटकारा का यावा, याचे कारण अन्य कोठे शोधावयास नको. त्यांची उमेदीची वर्षे ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात, किरणोत्सारी समस्थानिकांच्या कामावर गेली. तेथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी चालू झाली, १९६० साली 'सायरस' व १९८५ साली 'ध्रुव' या भट्ट्या आल्या, आणि त्यांतून निघणाऱ्या समस्थानिकांपासून रोगनिदानाची व उपचाराची औषधे करण्याची विद्या याच भूमीवर रुजली. १९६३ साली परळ येथे या केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले आणि तेथे डॉक्टरांस व तंत्रज्ञांस ही औषधे प्रत्यक्ष हाताळण्याचे शिक्षण मिळू लागले. 'सायरस' २०१० साली बंद झाली. परंतु ती विद्या टिकून आहे.

या औषधांपैकी सर्वांत अधिक वापरले जाणारे म्हणजे टेक्निशियम. ते मॉलिब्डेनमपासून आपोआप उत्पन्न होत राहते. रुग्णालयात एका नळीत मॉलिब्डेनम धरून ठेवलेले असते. सकाळी तिच्यातून मिठाचे निर्जंतुक पाणी सोडिले म्हणजे त्याबरोबर टेक्निशियम निघून येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नळीत ते पुन्हा भरते. या उपकरणास जगभर 'गाय' आणि या क्रियेस 'दोहणे' म्हणतात, हे सांगताना आजोबांच्या चेहऱ्यावर आजही हसू येते. पण हे दूध विलक्षण नासके. दर सहा तासांनी त्याचे बळ निम्मे होते. सकाळी आठ वाजता शंभर असलेले बळ दुपारी दोनला पन्नास आणि रात्री आठला पंचवीस. दोन वाजताच्या रोग्याकरिता आठलाच भरून ठेवावयाचे तर दुप्पट मोजून घेतले पाहिजे. त्यात मूळचे मॉलिब्डेनम उतरलेले नाही ना, हे पाहिले पाहिजे. आणि हे सर्व शिशाच्या आडोशाने, किरणांचा संपर्क कमीत कमी होईल अशा चपळ हाताने केले पाहिजे. "हे काम सही-शिक्क्यावर कसे शिकणार?" असा आजोबांचा सवाल. "आमच्याकडे नवा मुलगा आला की महिनोन्महिने नुसत्या पाण्यावर हात बसवायचा. साधे पाणी न सांडता, न थांबता भरता आले, मग खरे औषध."

घरातील मंडळींनी यावर असे म्हटले की, ट्रॉम्बेची गोष्ट निराळी; साध्या दुकानातील गोळ्या काही सहा तासांत नासत नाहीत. हे म्हणणे वरवर बरोबर दिसते. पण आमच्या काकूंच्या गोळीस सात दिवसांचे घड्याळ होते, ते कोणी पाहिले नाही. टेक्निशियम आपले घड्याळ स्वतःच दाखविते, म्हणून तेथे आळस चालत नाही. साधी गोळी गप्प बसते, म्हणून तेथे तो चालतो. एवढाच काय तो फरक.

तिसरे घड्याळ सहा महिन्यांचे आहे, आणि त्याकरिता ट्रॉम्बेहून फार दूर जावयास नको. शेजारच्या गोवंडी-मानखुर्दच्या दाट वस्तीत क्षयरोग ठाण मांडून बसला आहे. औषधांस दाद न देणाऱ्या क्षयाच्या रोग्यांकरिता 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या आंतरराष्ट्रीय संस्थेने गोवंडीस अनेक वर्षे दवाखाना चालविला, यावरूनच तेथील दुखण्याची कल्पना यावी. साध्या क्षयावर चार औषधांनी आरंभ करून सहा महिने उपचार चालतो. त्यांपैकी रिफॅम्पिसिन हे औषध घेताच लघवी नारिंगी-तांबडी होते. ते रक्त आहे असे वाटून रोगी घाबरतो आणि कोणासही न विचारता औषध टाकून देतो. त्याच औषधाने संततिनियमनाच्या गोळ्यांचा व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा गुण कमी होतो. "लघवीचा रंग बदलेल, घाबरू नका, दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत का?" एवढी दोन वाक्ये औषध हाती देताना बोलली गेली तर एक रोगी उपचारात टिकतो. ती वाक्ये पुस्तकात आहेत. पण समोर उभ्या असलेल्या, घाईत असलेल्या, अर्धवट ऐकणाऱ्या माणसास ती कशी सांगावी, हे पुस्तकात नाही.

चिठ्ठी लिहिणारे डॉक्टरच असता फार्मासिस्टने एवढा भार का घ्यावा, असे कोणी विचारील. त्यास मुंबईतलेच उत्तर आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईतील शंभर खाजगी डॉक्टरांनी क्षयावर ऐंशी निरनिराळ्या तऱ्हांची औषधयोजना लिहून दिलेली आढळली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत १०६ डॉक्टरांनी त्रेसष्ट तऱ्हा लिहिल्या, आणि त्यांपैकी अवघ्या सहांची योजना बरोबर निघाली. ही पाहणी डॉक्टरांस दूषण देण्याकरिता आम्ही सांगत नाही. चिठ्ठीवर दुसरी जाणती नजर पडणे किती आवश्यक आहे, हे दाखविण्याकरिता सांगतो. ती नजर ज्याच्यापाशी असावयाची, त्यानेच आपले शिक्षण कागदावर उरकले असेल तर मग रोग्याने कोणाकडे पाहावे?

दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. शिकाऊ मुलास पुष्कळ दुकानी फळ्या पुसणे, खोकी फोडणे आणि बिले करणे यांपलीकडे काही मिळत नाही, ही तक्रार खोटी नाही. दुकानदार म्हणतो, गर्दीच्या वेळी मी शिकवू कधी? रुग्णालयात काही डॉक्टरांस औषधनिर्माणाचा विद्यार्थी आपल्या फेरीत नकोसा वाटतो. सहा वर्षे शिकलेल्या फार्म. डी. पदवीधरांस रुग्णालयांत स्वतंत्र पदे फार थोडी आहेत, त्यामुळे घरच्या माणसांस हा सर्व खटाटोप व्यर्थ वाटावा हेही साहजिक आहे. परंतु शिक्षणाची सोय अपुरी आहे म्हणून शिक्षणच नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. निघतो तो इतकाच की, जागा पारखून निवडावी.

म्हणून ज्यांच्या घरी असा विद्यार्थी वा विद्यार्थिनी असेल त्या वडील मंडळींस आमचे चार शब्द. नात्यातील दुकान सोयीचे म्हणून निवडू नका. जेथे नोंदणीकृत फार्मासिस्ट स्वतः हजर असतो आणि चिठ्ठ्यांची वर्दळ आहे असे दुकान, किंवा त्याहून बरे म्हणजे रुग्णालयाचे औषधालय निवडा. पहिल्याच दिवशी मालकास नम्रतेने पण स्पष्ट विचारा की, मुलास चिठ्ठीवरचे काम किती तास मिळेल. मुलास एक वही करावयास सांगा. दिवसभरात पाहिलेली एक चिठ्ठी, तीत न समजलेली एक गोष्ट, आणि रोग्याने विचारलेला एक प्रश्न, एवढे रोज लिहावे. रोग्याचे नाव मात्र कदापि लिहू नये. रात्री जेवताना ती वही घरात वाचली जावो. भरल्या घरात कोणास मधुमेह, कोणास रक्तदाब, कोणास गुडघेदुखी असतेच. तेव्हा आजीच्या व आजोबांच्या गोळ्यांचा डबा हीच त्या मुलाची पहिली परीक्षा समजा. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, कोणती कोणत्या वारी, कोणत्या दोन एकत्र नकोत, हे त्याने एका कागदावर मांडावे आणि आपल्या वरिष्ठांस दाखवून घ्यावे. शंका निघाली तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांस विचारावे, हा धडाही त्यातच मिळेल.

आणि ज्यांच्या घरी असा विद्यार्थी नाही, त्यांनीही एक करावे. दुकानात किंवा रुग्णालयात एखादा शिकाऊ मुलगा वही घेऊन चार प्रश्न विचारू लागला तर 'मोठ्या माणसास बोलवा' म्हणून त्यास झिडकारू नये. काकूंनी त्या दिवशी तसे केले असते तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनातून अजून जात नाही.

हा लेख लिहून होण्यापूर्वी देवनारहून निरोप आला. मुलाने त्या नातेवाईकास नकार कळविला असून, एका रुग्णालयाच्या औषधालयात तो येत्या सोमवारपासून जाणार आहे. आईची काळजी एवढीच उरली आहे की, पुढच्या परीक्षेचा अभ्यास मागे पडेल. ती काळजी खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. तीन महिने ओढाताण होईलच. आजोबांनी मात्र त्यास वही आधीच आणून दिली आहे, आणि पहिल्या पानावर आपल्या स्वतःच्या पाच गोळ्यांची नावे लिहून ठेवली आहेत.